भिंगाखालची त्वचा: वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

डर्मोस्कोपी म्हणजे त्वचा साधारण दहापट मोठी करून, वरची चकाकी घालवून पाहण्याची तपासणी. या विषयावर आलेल्या पत्रांतून आम्ही क्वचित आढळणाऱ्या विकारांची पत्रे मुद्दाम निवडली. असे विकार नायटा, कोंडा, वांग, कुरूप अशा ओळखीच्या नावांखाली वर्षानुवर्षे दडून राहतात आणि रुग्ण चुकीची मलमे लावत राहतो.

प्रश्न: त्वचेच्या डॉक्टरांनी पाठीवरच्या डागाला जेल लावली, टॉर्चसारखं यंत्र टेकवलं, मिनिटभर पाहिलं आणि म्हणाले, "काळजीचं काही नाही." एवढ्यात काय कळतं? त्यातून किरण निघतात का? मला सातवा महिना चालू आहे. (एक वाचक, सातारा)

किरणांची भीती बाळगू नका. त्यातून दिव्याचा साधा उजेड निघतो, क्ष-किरण नाहीत. गरोदर बाई असो वा तान्हे बाळ, ही तपासणी सर्वांना निर्धोक आहे.

त्वचेचा सर्वांत वरचा मृत थर उजेड परत फेकतो, म्हणून खालचे काही दिसत नाही. हवेचा अपवर्तनांक १, तर या थराचा सुमारे १.५५. दोहोंच्या मध्ये जेल, तेल किंवा अल्कोहोल आले की हा फरक कमी होतो आणि उजेड आत शिरतो. नदीतला गोटा ओला असताना त्यावरच्या रेषा उठून दिसतात आणि वाळला की पुसट होतात, तसेच हे. पोलराइज्ड प्रकाशाच्या यंत्रात हेच काम एकमेकांना काटकोनात बसवलेल्या दोन गाळण्या करतात, त्यामुळे त्यात जेलशिवायही पाहता येते.

एकदा आत दिसू लागले की रंगावरून खोली कळते. मेलॅनिन, म्हणजे त्वचेचे रंगद्रव्य, अगदी वरच्या थरात असेल तर काळे दिसते, त्याखाली बाह्यत्वचेत तपकिरी आणि अंतःत्वचेत उतरले असेल तर करडे-निळे. तांबडा रंग रक्ताचा. पांढरा बहुधा व्रणाचा किंवा जाड झालेल्या कातडीचा, पिवळा-नारिंगी केराटिनचा (कातडी-केसांतल्या कठीण प्रथिनाचा) किंवा आत साठलेल्या दाहपेशींच्या गाठींचा. सरावलेल्या डोळ्याला नेहमीचा निरुपद्रवी तीळ ओळखायला मिनिट पुरते.

प्रश्न: मी तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करतो. हातात धरायचा डर्मोस्कोप घेतला, पण पुस्तकातली चित्रं आणि माझे रुग्ण यांचा मेळ बसत नाही. रक्तवाहिन्या तर दिसतच नाहीत. कुठे चुकतंय? (एक डॉक्टर, जि. यवतमाळ)

बहुधा तीन ठिकाणी चुकत असावे: हाताचा दाब, क्रम आणि पुस्तक.

दाब आधी. काच त्वचेवर टेकवून थोडे जरी रेटले तरी बारीक रक्तवाहिन्या रिकाम्या होतात. यंत्राचे स्वतःचे वजनही त्याला पुरते. वाहिन्या पाहायच्या असतील तर पोलराइज्ड मोडमध्ये न टेकवता पाहा. टेकवणे भागच असेल तर सोनोग्राफीच्या जेलचा जाडसर थेंब ठेवा आणि काच त्या थेंबावर तरंगती राहील इतकाच हात लावा.

आता क्रम. आधी सगळा रुग्ण उघड्या डोळ्यांनी बघा आणि डागाला हात लावून बघा. हे टाळून थेट भिंग लावणारा हमखास फसतो. मग काहीही न लावता कोरडे पाहा: खपली कुठे आहे, तिचा रंग कोणता, ती मधे आहे की कडेला. त्यानंतर द्रव लावा. द्रव लावताच खपली पारदर्शक होते आणि खालचे दिसू लागते, म्हणून उलट क्रमाने गेलात तर खपलीची माहिती कायमची गेली. सत्तर टक्के अल्कोहोलच्या सॅनिटायझरमध्ये बुडबुडे कमी राहतात, पण डोळ्यांजवळ, ओठांवर आणि उघड्या जखमेवर तो वापरू नका. तिथे जेलच बरी. नखाच्या बाकावर पातळ द्रव ओघळून जातो, तिथेही जेल. खोबरेल तेलानेही दिसते, फक्त पुसायला वेळ लागतो.

पाहताना दर वेळी पाच गोष्टी त्याच क्रमाने टिपा: रक्तवाहिन्यांचा आकार आणि मांडणी, खपली, केसांची छिद्रे, इतर रंग आणि आकृत्या, आणि शेवटी एखादी खास खूण. दाहजन्य त्वचाविकारांसाठी इंटरनॅशनल डर्मोस्कोपी सोसायटीनेही हीच पाच कलमे धरली आहेत. कागदावर लिहिण्याची शिस्त लागली की निम्मा गोंधळ संपतो.

राहिले पुस्तक. बहुतेक जुनी चित्रे गोऱ्या त्वचेची आहेत. आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत निरोगी जागीही तपकिरी जाळी दिसते. तो आजार नव्हे. म्हणून प्रत्येक वेळी शेजारची किंवा शरीराच्या दुसऱ्या बाजूची निरोगी त्वचा आधी पाहा आणि मगच डाग. गोऱ्या त्वचेत जी पार्श्वभूमी गुलाबी दिसते ती आपल्याकडे मळकट तपकिरी किंवा जांभळट दिसते, आणि मेलॅनिनच्या पडद्याआड वाहिन्या झाकल्या जातात. उलट, दाह झाला की आपले मेलॅनिन खाली अंतःत्वचेत सांडते, त्यामुळे करडे-निळे ठिपके आपल्याकडे फार दिसतात. पाश्चात्त्य पुस्तकात निळा-करडा रंग वाचून प्रत्येक वेळी कर्करोगाची शंका घ्याल तर रुग्णाला नाहक घाबरवाल. लायकेन प्लॅनसमध्ये (जांभळट, खाजऱ्या पुरळाच्या विकारात) किंवा तो बरा झाल्यावर हे ठिपके नेहमीचेच.

आणखी एक. रुग्ण येताना त्वचेवर काय लावून येतो ते विचारा. टाल्कम पावडर खपलीसारखी दिसते, हळदीने पिवळे ठिपके तयार होतात, भांगातले कुंकू रक्ताच्या ठिपक्यांशी गल्लत करते. आधी स्पिरिटच्या बोळ्याने जागा पुसून पुन्हा पाहिलेत की हा घोळ उरत नाही. दोन रुग्णांच्या मध्ये काच सत्तर टक्के अल्कोहोलने पुसून वाळू द्या. संसर्गाची शंका असेल तर डागावर स्वयंपाकघरातली पारदर्शक प्लॅस्टिक फिल्म पसरा. फिल्मच्या खाली जेल, वर जेल, आणि काम झाले की फिल्म टाकून द्या.

प्रश्न: मुलगी साडेतीन वर्षांची आहे. जन्मतः जावळ छान होतं, पण नंतरचे केस बोटभरही वाढत नाहीत, मागच्या बाजूला तर खुंटच आहेत. मानेवर बारीक खरखरीत पुटकुळ्या आहेत. दोनदा गोटा केला, बुरशीची औषधं सहा महिने झाली. तिच्या बाबांचेही लहानपणी केस असेच होते म्हणतात. (एक आई, इस्लामपूर)

तुम्ही पत्रात लिहिलेली शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची आहे. जावळ चांगले, त्यानंतरचे केस तुटके, डोक्याच्या मागे आणि मानेवर जास्त, सोबत पुटकुळ्या आणि वडिलांना तोच त्रास: हे सगळे मोनिलेथ्रिक्स या आनुवंशिक विकाराशी जुळते. लॅटिनमध्ये मोनिले म्हणजे गळ्यातली माळ, ग्रीकमध्ये थ्रिक्स म्हणजे केस. भिंगाखाली केस खरोखरच मण्यांच्या माळेसारखा दिसतो. फुगीर मणी साधारण ०.७ ते १ मिलिमीटर अंतरावर, आणि दोन मण्यांच्या मध्ये बारीक कंबर. लोकांना वाटते मणी हा दोष आहे. खरे तर मण्याची जाडी ही केसाची मूळ जाडी असते. दोष त्या कंबरेत आहे आणि केस तिथेच तुटतो.

पूर्वी हे पाहायला मुलाचे केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावे लागत. आता मूल आईच्या मांडीवर बसलेले असतानाच निदान होऊ शकते. केसांना तेल नको, जेल नको, कोरडेच पाहायचे. काळे केस डोक्याच्या कातडीवर नीट दिसत नाहीत, म्हणून केसांच्या बटेखाली पांढऱ्या कागदाची पट्टी सरकवावी. भुवयाही पाहाव्यात. डॉक्टरांना एवढे आवर्जून सांगा की बाबांच्याही मानेवरचे केस तपासा. मोठेपणी दोष लपतो, पण तिथे दोन-चार मण्यांचे केस सापडतात.

इतर शक्यता वगळणेही भिंगानेच होते. डोक्यातल्या बुरशीत केस स्वल्पविरामासारखे वाकलेले किंवा बूच काढायच्या स्क्रूसारखे वळलेले दिसतात आणि खपली असते. ते दिसले नाहीत तर बुरशीची औषधे पुढे चालू ठेवायला आधार उरत नाही. चाईतसुद्धा केसावर एखाददुसरी अरुंद जागा येते, पण ती एकसारख्या अंतरावर नसते. नेदरटन या विकारात केस बांबूच्या पेरासारखा एकमेकांत शिरलेला असतो आणि अंगावर लालसर, सोलणारी पुरळ असते. अशा मुलांना गंभीर ॲलर्जीही असू शकते, म्हणून तो वेगळा ओळखणे गरजेचे.

मोनिलेथ्रिक्स मुळातून घालवणारे औषध आज नाही. मिनॉक्सिडिलने काहींना फायदा झाल्याची नोंद आहे, पण इतक्या लहान मुलीला ते द्यायचे की नाही हे तज्ज्ञांनीच ठरवावे. वय वाढेल तसे, विशेषतः वयात येताना, केस पुष्कळदा सुधारतात. तोवर केस जपायचे. घट्ट वेण्या नकोत, टॉवेलने खसखसून पुसणे नको, ओल्या केसांवर बारीक फणी नको. गोटा करून काही साधत नाही, कारण केस मुळाशी घडतानाच अरुंद होतो. वडिलांकडून आलेला प्रकार असेल तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते. आई-वडील दोघेही निरोगी आणि मूल मात्र बाधित असा दुसरा प्रकारही आहे. मामे-आत्ये भावंडांत लग्न झालेल्या घरांत त्याचा विचार करावा लागतो.

प्रश्न: वांगासाठी एक ट्यूब सहा-सात वर्षं लावतेय. आधी गोरेपणा आला, आता गालाची हाडं निळसर काळी पडली आहेत. जास्त लावलं की जास्त काळं होतं. (एक वाचक, पनवेल)

ट्यूबवरचे घटक वाचा. आपल्याकडे सर्रास विकल्या जाणाऱ्या वांगाच्या मलमात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनसारखे स्टेरॉइड एकत्र असते. हे थोड्या काळाचे, डॉक्टरांच्या देखरेखीखालचे औषध आहे, वर्षानुवर्षे लावायचे क्रीम नव्हे. हायड्रोक्विनोन दीर्घकाळ लावल्याने ऑक्रोनोसिस होतो: अंतःत्वचेतल्या तंतूंवर गेरूसारखे रंगद्रव्य साचते आणि डाग गडद होतो. १९७५ साली दक्षिण आफ्रिकेत गोरेपणाची क्रीमे वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये त्याचे पहिल्यांदा सविस्तर वर्णन झाले. तुमच्यासारखीच प्रत्येक रुग्ण वांग वाढले समजून आणखी मलम लावते आणि त्याच फेऱ्यात अडकते.

इथे डर्मोस्कोप फार कामाचा आहे. वांगात तपकिरी जाळी दिसते आणि केसांची छिद्रे त्या रंगातून सुटलेली, मोकळी राहतात. ऑक्रोनोसिसमध्ये करडे-निळे, बिनआकाराचे फराटे आणि ठिपके दिसतात, काही ठिकाणी कमानीसारखे किंवा गांडुळासारखे वळलेले, आणि ते छिद्रांवरूनही पसरतात, छिद्रे बुजल्यासारखी दिसतात. शंका राहिली तर याच फराट्यांच्या जागेवरून दोन-तीन मिलिमीटरचा पंच (गोल पात्याने काढलेला कातडीचा छोटा तुकडा) घेतला की सूक्ष्मदर्शकाखाली केळ्याच्या आकाराचे पिवळट-तपकिरी तुकडे दिसतात. चेहऱ्यावर आंधळेपणाने घेतलेल्या बायोप्सीत ते निसटू शकतात.

हायड्रोक्विनोन आजपासून बंद करा. स्टेरॉइड मात्र एकाएकी थांबवले तर चेहरा लाल होऊन पेटतो, त्यामुळे ते कसे कमी करायचे हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. रोज सनस्क्रीन. लेझरने काहींना उजळपणा येतो, पण काम सावकाश होते आणि आपल्या त्वचेत लेझरनेच डाग पडण्याचीही भीती असते, म्हणून घाईने पैसे भरू नका. केसांचा डाय, सुगंधी तेल, कुंकू यांच्या ॲलर्जीनेही चेहऱ्यावर करडा काळेपणा येतो. हे सगळे सोबत घेऊन जा, पॅच टेस्ट करावी लागेल.

प्रश्न: आईच्या (वय ६४) टाचेवर दोन वर्षांपासून काळा डाग आहे. काटा मोडला होता असं ती म्हणते. आता तो रुपयाएवढा झालाय, कडा वेड्यावाकड्या आहेत. गावात कुरूप म्हणून पट्टी दिली. (एक वाचक, जि. बीड)

कुरपाची पट्टी आधी काढा. याच आठवड्यात आईला त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या आणि तोवर कोणालाही ब्लेडने तासू देऊ नका. हे काळे कुरूप नसून तळपायाचा मेलानोमा, म्हणजे रंगद्रव्याच्या पेशींचा कर्करोग, असण्याची शक्यता आहे. मेलानोमा आपल्या त्वचेत एकंदरीत विरळ, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखालीच. गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्यावरची जखम फुटबॉलची इजा समजली गेली होती. १९७७ मध्ये मेलानोमाचे निदान झाले आणि १९८१ मध्ये ते गेले.

घाबरवण्यासाठी हे लिहिलेले नाही, कारण इथे भिंग फार स्पष्ट उत्तर देऊ शकते. तळव्यावर बारीक समांतर वरंबे आणि त्यांच्यामध्ये सऱ्या असतात, नांगरलेल्या शेतासारख्या. साध्या तिळाचा रंग सऱ्यांमध्ये साचतो आणि बारीक समांतर रेषा दिसतात. सुरुवातीच्या मेलानोमात रंग वरंब्यांवर असतो, रुंद पट्ट्यांत. याचे कारण रचनेत आहे: घामाची नलिका वरंब्याच्या मधोमध उघडते आणि या मेलानोमाच्या पेशी सुरुवातीला वरंब्याच्या खालच्या भागातच वाढतात.

वरंबा कोणता आणि सरी कोणती हे ओळखण्यातच नवशिक्याची चूक होते. खूण अशी की घामाची छिद्रे पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळीत दिसतात आणि ती ओळ नेहमी वरंब्यावर असते. तरी कळत नसेल तर फाउंटन पेनची शाई किंवा व्हाइटबोर्डचा मार्कर लावून कागदाने लगेच पुसा. शाई सऱ्यांत उरते. मग डागाचा रंग शाईच्या रेषांवर पडतो की दोन रेषांच्या मध्ये, ते बघायचे.

वरंब्यावरचा रंग दिसला म्हणून लगेच कर्करोग म्हणू नये, अशा काही जागा आहेत. रक्त साकळले असेल तर रंग लाल-काळा, एकसारखा आणि कडेला गोट्यांसारखा असतो; डॉक्टरांनी वरची मृत कातडी हलकेच खरवडली की तो निघून येतो. केसांचा डाय किंवा मेंदी लागलेली असेल तर रंग वरंब्यांवर चढतो, पण काही दिवसांत उतरतो. सावळ्या त्वचेत तळव्यावर मुळातच असे डाग असू शकतात. ते बहुधा अनेक असतात आणि दोन्ही पायांवर दिसतात. आणखी एक विरळ सोंग म्हणजे टिनिया नायग्रा. मिठागरांसारख्या खाऱ्या जागीही तग धरणारी ही काळी बुरशी तळहातावर, क्वचित तळपायावर तपकिरी डाग करते. भिंगाखाली बारीक तपकिरी तंतू दिसतात आणि ते वरंबे-सऱ्या काहीही न जुमानता पसरतात. खरवडीत पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून पाहिले की तपकिरी बुरशी दिसते, आणि साध्या मलमाने डाग जातो.

जपानी तज्ज्ञांनी घालून दिलेला नियम वापरायला सोपा आहे: वरंब्यावरचा रंग दिसला तर आकार कितीही असो, बायोप्सी; ओळखीची निरुपद्रवी नक्षी नसेल आणि डाग ७ मिलिमीटरपेक्षा मोठा असेल तरीही बायोप्सी. रुपयाएवढा डाग ती मर्यादा केव्हाच ओलांडून गेला आहे. तो सगळा काढणे शक्य नसेल तर भिंगाखाली सर्वांत गडद किंवा जाड दिसणाऱ्या जागेचा तुकडा घ्यावा, कारण पुढची सगळी शस्त्रक्रिया गाठीच्या जाडीवर ठरते.

प्रश्न: मोबाईलला लावायची मॅक्रो लेन्स डर्मोस्कोपचं काम करेल का? (एक वाचक, नागपूर)

नाही. ती फक्त मोठे करते, चकाकी घालवत नाही. डॉक्टरांना फोटो पाठवायचा असेल तर खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, एक लांबून आणि एक जवळून शेजारी फूटपट्टी ठेवून काढा.

प्रश्न: वृद्धाश्रमात एका आजींच्या हातांवर जाड पांढरट खपल्या आहेत. सोरायसिस म्हणून स्टेरॉइडचं मलम चालू आहे. आता दोन सेविकांना रात्री खाज सुटते. (व्यवस्थापक, पुणे)

जाड खपल्यांची खरूज असावी. साध्या खरजेत अंगावर दहा-पंधरा किडे असतात, या प्रकारात हजारो. आजींना खाज कमी असते म्हणून कोणाला संशय येत नाही, आणि स्टेरॉइडने किडे आणखी माजतात. भिंगाखाली किड्याचा पुढचा भाग तपकिरी त्रिकोणासारखा दिसतो आणि मागे बिळाची पांढरट नागमोडी रेघ, विमानामागच्या धुराच्या रेषेसारखी. सावळ्या त्वचेत त्रिकोण लपतो, म्हणून आधी रेघ शोधायची आणि तिच्या टोकाशी जायचे. बोटांच्या बेचक्या, मनगटे आणि नखांखालची जागा बघायला सांगा.

उपचार सगळ्यांना एकाच दिवशी हवेत. आजींना आयव्हरमेक्टिनच्या गोळ्यांचे अनेक डोस आणि परमेथ्रिन ५ टक्के वारंवार लागेल. इतरांना परमेथ्रिन दोनदा, आठवड्याच्या अंतराने. कपडे, चादरी कडक गरम पाण्यात धुवा. धुता येत नाही ते प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आठवडाभर ठेवा. उपचारानंतरही खाज दोन-चार आठवडे टिकते, तेवढ्यावरून औषध फसले असे समजू नका.

प्रश्न: पोटरीवर गोल चट्टा, नायटा म्हणून तीन वर्षं मलमं लावतोय. कड धाग्यासारखी उंच, मधला भाग पातळ. खाज नाही. (एक वाचक, कोल्हापूर)

खाज नसलेला, महिनोन्‌महिने जागचा न हलणारा आणि धाग्यासारखी कड असलेला नायटा हा बहुधा नायटा नसतो. पोरोकेराटोसिस तपासून घ्या. त्याच्या कडेला भिंगाखाली पांढरी दुहेरी रेघ दिसते, बैलगाडीच्या चाकोरीसारखी. मधली त्वचा पातळ, केसविरहित. घाईच्या ओपीडीतही जमेल अशी चाचणी: चट्ट्यावर जेन्शन व्हायोलेट किंवा शाई फासा, स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. मधली शाई निघते, कडेच्या खाचेत वर्तुळ राहते. त्याच वेळी कडेची खरवड १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये पंधरा-वीस मिनिटे ठेवून बुरशी नाही याची खात्री करावी.

बायोप्सी घ्यायची झाल्यास ती कडेवरूनच, कडेला आडवी छेदून. मधून घेतलीत तर निदान देणारा केराटिनचा खांब त्यात येतच नाही. अलीकडे २ टक्के कोलेस्टेरॉल आणि २ टक्के लोव्हास्टॅटिन यांचे मलम बनवून वापरतात, कारण या विकारात पेशींची कोलेस्टेरॉल तयार करण्याची साखळीच बिघडलेली असते. मोठ्या, जुन्या चट्ट्यात क्वचित कर्करोग होतो. चट्ट्यात गाठ आली किंवा जखम झाली तर थांबू नका.

प्रश्न: इथल्या थंडीत बोटं पांढरी, मग निळी पडतात. डॉक्टरांनी नखाच्या मुळाशी भिंग लावून पाहिलं. नखाचा काय संबंध? (एक वाचक, टोरंटो)

नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीच्या घडीत केशवाहिन्या पृष्ठभागाला समांतर, आडव्या धावतात, त्यामुळे शरीरात इतर कुठेही न दिसणाऱ्या वाहिन्या तिथे पूर्ण दिसतात. निरोगी माणसात केसाच्या पिनेसारखे वळसे, एका मिलिमीटरमध्ये सात किंवा अधिक. स्क्लेरोडर्मात (कातडी घट्ट आणि कडक करणाऱ्या आजारात) काही वळसे ५० मायक्रॉनपेक्षा फुगतात, मध्ये रक्ताचे ठिपके आणि वाहिन्या नसलेल्या मोकळ्या जागा दिसतात. स्क्लेरोडर्माच्या २०१३च्या आंतरराष्ट्रीय निकषांत या खुणेला दोन गुण आहेत.

तपासणीआधी पंधरा-वीस मिनिटे २०-२२ अंशांच्या खोलीत बसा, धूम्रपान टाळा, नखांची कातडी कुरतडू किंवा कापू नका. अनामिका आणि करंगळी आधी पाहतात, कारण तिथली कातडी सर्वांत पारदर्शक. दहापट भिंगात फुगलेल्या वाहिन्या दिसतात, मोजदाद नीट होत नाही. काही खटकले तर संधिवाततज्ज्ञांकडे २०० पटीचे यंत्र आणि एएनए ही रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी. सगळे वळसे नीट असतील आणि एएनए निगेटिव्ह असेल तर बहुतेकांना हातमोजे आणि ऊब एवढेच पुरते.

प्रश्न: डर्मोस्कोपने कुष्ठरोग कळतो का? (आरोग्यसेविका, जि. गडचिरोली)

फक्त इशारा मिळतो. चट्ट्यातले केस आणि घामाच्या छिद्रांचे पांढरे ठिपके कमी झालेले दिसतात, काही प्रकारांत पिवळट-नारिंगी झाकही येते. निदान मात्र संवेदना तपासून, नसा चाचपून आणि गरज पडेल तिथे स्मिअर किंवा बायोप्सी करूनच. तुमच्या हातातला बॉलपेन आणि नायलॉनचा तंतू इथे भिंगापेक्षा मोठा आहे. चट्ट्यात स्पर्श कळत नसेल तर भिंगाची वाट न पाहता रुग्णाला पाठवा. औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात.

प्रश्न: बहिणीच्या डोक्यात गुळगुळीत चट्टे आहेत. भिंगाने "व्रण पाडणारी केसगळती" असं सांगितलं. मग पुन्हा बायोप्सी कशाला? (एक वाचक, नाशिक)

कारण व्रण पाडणारे आजार अनेक आहेत आणि उपचार वेगळे. लायकेन प्लॅनोपिलॅरिसमध्ये केसाच्या मुळाभोवती पांढऱ्या नळीसारखी खपली चढते, आपल्या त्वचेत छिद्राभोवती करडे-निळे कडेही दिसते. त्वचेच्या ल्युपसमध्ये मोठे पिवळे ठिपके, केराटिनची बुचे आणि जाड फांद्यांच्या वाहिन्या. दोन्हींत छिद्रच नाहीसे झालेल्या जागी केस परत येत नाही, म्हणून उरलेले केस वाचवण्यासाठी उपचार लवकर सुरू व्हायला हवेत.

भिंगाचा खरा उपयोग इथे बायोप्सीची जागा निवडण्यासाठी आहे. चट्ट्याच्या मधोमध गुळगुळीत जागेतून तुकडा घेतला तर प्रयोगशाळेत फक्त व्रण दिसतो, आजार नाही. चट्ट्याच्या कडेला, केस अजून शिल्लक आहेत आणि त्यांच्याभोवती खपली किंवा लाली आहे अशी जागा डर्मोस्कोपने शोधून पेनने खूण करावी. तिथून ४ मिलिमीटरचे दोन पंच, केस ज्या दिशेने उगवतो त्याच तिरक्या दिशेने, खाली चरबी दिसेपर्यंत. एक आडवा कापण्यासाठी, एक उभा. फॉर्मवर कोणती जागा, भिंगाखाली काय दिसले आणि सध्या कोणते औषध चालू आहे ते लिहून द्यायला डॉक्टरांना सांगा. स्टेरॉइडचे इंजेक्शन नुकतेच दिले असेल तर तो तुकडा शांत दिसतो आणि अहवाल दिशाभूल करतो.